रौहियाची ऐश

रौहियाच्या दारात येणारी टोपली कधी उघडी नसायची. वर फडकं, फडक्यावर कांद्याची पात नाहीतर मुळ्याची जुडी, म्हणजे बघणाऱ्याला वाटावं, बाई भाजी घेऊन चाललीय. सकाळी उन्हं गच्चीवर चढायच्या आत इजिप्तमधल्या गिर्ग्याच्या त्या अरुंद बोळात अशा टोपल्या एकीमागून एक यायच्या, आणि प्रत्येकीला वाटायचं, आपण एकट्याच. हेडमास्तरांची बायको यायची, मशिदीत बांग देणाऱ्या मुअज्जिनाची बहीण यायची, लग्न ठरलेल्या पोरी यायच्या. दोघी दारातच धडकल्या की सुरू व्हायचं.

"अगंबाई, तू इकडे कुठे?"

"काही नाही गं, सहज. मावशीची तब्येत विचारायला आले होते."

मावशीची तब्येत ठणठणीत होती. एका हाताने कणकेचं पातेलं उचलून गच्चीचा जिना चढणारी बाई ती! पण अख्ख्या गावाला तिच्या तब्येतीची काळजी लागून राहिली होती. टोपलीतून जायची ती भाकर. बिनगव्हाची, रक्तातली साखर न चढवणारी भाकर.

आता इथे एक शब्द सांगितल्याशिवाय गाडी पुढे जायची नाही. आपण मराठीत ऐश करतो म्हणजे चैन करतो. नाईलच्या काठी ऐश म्हणजे रोजची भाकर. शब्द तोच, वाटेत समुद्र ओलांडताना त्याचं असं काय झालं देव जाणे. आणि त्या शब्दाचा मूळ अर्थ तर 'जगणं'. त्यामुळे तिथे जेवायला बसलेल्या माणसानं भाकरीला नाही म्हटलं, तर यजमानाचं तोंड उतरतं. दोन माणसांनी एका ताटात ऐश आणि मीठ खाल्लं की ती बांधली गेली, मग एकानं दुसऱ्याचं वाईट चिंतायचं नाही. रौहियाची सगळी गोष्ट या एका शब्दाभोवती फिरते, म्हणून हे आधीच सांगून टाकलं.

रौहियाचा नवरा मौगूद शाळेचा रखवालदार होता. उंच, हसरा, पागोटं बांधावं तर त्यानंच. जेवायला बसला की रौहियाच्या हातच्या भाकरीशिवाय त्याचा घास घशाखाली उतरायचा नाही. त्या भागातली भाकर उन्हात फुगवतात. मातीच्या चकतीवर कोंडा पसरायचा, वर कणकेचा गोळा, गच्चीवर ऊन खात ठेवायचा, कडेला चिरा दिल्या की फुगताना त्याला कान फुटतात, आणि मग भट्टीत. रौहियाच्या भाकरीचे कान असे ताठ असायचे की लोक लांबून ओळखायचे.

मौगूदला साखरेचा आजार निघाला. डॉक्टर म्हणाला, भाकर बंद. मौगूद घरी येऊन खाटेवर बसला आणि म्हणाला, "अगं ऐकलंस? डॉक्टर मला ऐश सोड म्हणतोय. म्हणजे जगणं सोड! फी घेऊन सांगतो वर!" रौहिया हसली. पुढे तो चोरून खायला लागला, तेव्हाही ती हसलीच. एकदा तर कहर झाला. मशिदीत नमाजाला वाकला आणि पागोट्याच्या घडीतून अर्धी भाकर निसटली ती घरंगळत थेट इमामाच्या पायाशी. गाव पोट धरधरून हसलं. इमामसुद्धा हसला. मग मौगूदच्या टाचेला जखम झाली, ती भरेना, मग पाऊल गेलं, आणि मग मौगूद गेला. रौहियानं भट्टी लिंपून बंद केली. जी भाकर करण्यात तिचा हात कुणी धरू शकत नव्हतं, तीच तिला डोळ्यांसमोर नकोशी झाली.

ती भट्टी परत पेटली ती भावामुळे. खलाफ तिचा थोरला भाऊ, कालव्याकाठी शेती करणारा, तापट डोक्याचा पण बहिणीवर जीव टाकणारा. त्यालाही साखर निघाली. तो हे सांगायला आला आणि सांगता सांगता सवयीनं शेजारणीनं तिच्यासाठी धाडलेली भाकर मोडून खाऊ लागला. रौहियानं त्याच्या हातातून तुकडा हिसकावून घेतला.

"दादा, एक जण माझ्या हातचं खाऊन गेला. तू नाही जायचास."

"मग काय खाऊ? गवत?"

"मी देईन ते खा!"

देईन म्हणाली खरी, पण द्यायचं काय? औषधाच्या दुकानात कैरोहून आलेली पाकिटं होती, वर 'लो-कार्ब' लिहिलेलं आणि एका हसऱ्या गोऱ्या बाईचं चित्र. रौहियानं एक पाकीट आणून चाखलं. म्हणाली, "या बाईला आतलं खायला दिलं नसणार, म्हणून हसतेय."

मग तिनं आपली अक्कल चालवली. नदीकाठी गाड्यावर तिरमिस मिळतं, पिवळ्या चपट्या दाण्यांचं, खारवलेलं. पोरंटोरं सालं थुंकत खातात. ते दाणे मुळात इतके कडू की पोत्यात भरून दिवसच्या दिवस वाहत्या पाण्यात सोडावे लागतात, तेव्हा कुठे विषारी कडूपणा उतरतो. तिरमिस खाल्लं की खलाफची साखर चढत नाही, एवढं तिच्या लक्षात आलं होतं. तेच वाळवून दळायचं. गिरणीवाला तर भडकलाच. "रौहियाबाई, माझ्या जात्यात खारे दाणे? उद्या गव्हाला वास आला तर गाव मला दळेल!" शेवटी त्याच्या सासूसाठी भाकरी पाठवायच्या कबुलीवर तो तयार झाला. म्हातारीलाही साखर होती, पण ते गिरणीवाल्यानं कुणाला सांगू नको म्हटलं.

भाकरीची चव घ्यायचं काम मुंतसिरचं. मुंतसिर खलाफचा मुलगा. रौहियाला मूलबाळ नव्हतं, आणि हा पोरगा तिच्याच मांडीवर आणि तिच्याच गच्चीवर वाढला. मिसरूड फुटलं तरी दुपारचं जेवण आत्याकडेच. पहिली भाकर त्यानं दातांनी तोडायचा प्रयत्न केला, मग भिंतीवर आपटली.

"आत्या, ही भाकर नाही. पुलाची वीट आहे. सरकारला विक."

"गप खा रे मेल्या!"

"खाऊ कशी? हातोडा दे आधी."

दुसरी इतकी कडू झाली की कोंबड्यांनी चोच लावून पाठ फिरवली. मग तिनं जवस घातलं. मग इसबगोल घातलं, तेव्हा कुठे कणीक धरून राहू लागली. अंडी आली.  पण ऊन काही केल्या मानवेना. गव्हाची कणीक उन्हात फुगते, हिची उन्हात तडकायची. रौहिया गच्चीवर तिच्यापाशी बसून राहायची, ओलं फडकं टाकायची, काढायची, सावलीत सरकवायची, परत उन्हात. "तान्ह्या पोरासारखी नखरेल आहे मेली," म्हणायची. आणि एके दिवशी भाकरीला कान फुटले. मुंतसिरनं मोडली, चावली, आणि लगेच दुसरी उचलली. रौहिया तिथेच गच्चीवर मांडी घालून बसली आणि मौगूदचं नाव घेऊन रडली.

खलाफची साखर उतरली. त्याच्या बायकोनं बहिणीला सांगितलं, बहिणीनं शेजारणीला. गावात साखर घरोघर होती, पण कबूल कोण करणार? पुरुषाला साखर म्हणजे तो संपला, असा तिकडचा समज, आणि कॉफीच्या दुकानात टवाळी वेगळीच. म्हणून झाकलेल्या टोपल्या. मग लग्नाच्या पोरी आल्या, त्यांना लग्नाचा पोशाख चढायला हवा होता. मग व्यायामशाळेतले तगडे पोरगे आले, तेही लपून, कारण तिरमिस हे गरिबाचं खाणं, आणि आखातातून पैसे कमावून आलेल्या पोरानं ते खाताना दिसायचं नसतं. सगळ्यांना तीच भाकर हवी होती. फक्त ती खाताना कुणी बघायला नको होतं.

आणि रौहियाचं तोंड? कुलूप! कोण नेतं, कुणासाठी नेतं, हे तिनं सख्ख्या भावालाही कधी सांगितलं नाही.

एकदा कैरोहून एक सुटाबुटातला माणूस आला. गच्चीवर उभा राहून म्हणाला, "बाई, लो-कार्बला बाजारात इतकी मागणी आहे की तुम्हाला कल्पना नाही. आमच्या कंपनीला कृती द्या. फक्त ऐश हे नाव चालणार नाही, लोकांना जुनाट वाटतं. काहीतरी इंग्रजी देऊ."

"मागणी नाही रे बाबा ती," रौहिया म्हणाली. "भूक आहे. आणि भुकेल्या माणसाला मी ऐश सोडून दुसरं काय देऊ?" त्याला चहा पाजून तिनं वाटेला लावला. भाकर मात्र बांधून दिली, कारण बोलता बोलता त्यानं स्वतःच्या वडिलांच्या साखरेचं सांगितलं होतं.

हे असं सुरळीत चाललं असतं, पण कालव्यावर भांडण झालं. हाजी किनावीचं शेत खलाफच्या शेताला लागून. पाण्याच्या पाळीवरून आधी शिव्या, मग काठ्या. मुंतसिरची काठी किनावीच्या धाकट्या भावाच्या खांद्यावर बसली आणि हात कायमचा अधू झाला. तिकडे असल्या गोष्टी विसरल्या जात नाहीत. त्याच रात्री मुंतसिरला गाव सोडावं लागलं. तो समुद्राकाठच्या कुठल्याशा हॉटेलात कामाला लागला, आणि रौहियाची दुपार रिकामी झाली. जेवायला बसली की ती अजूनही दोन ताटं काढायची, मग एक उचलून ठेवायची.

आणि गंमत बघा, नियतीची म्हणा नाहीतर पोटाची. थोड्याच महिन्यांत किनावीची सून बदरिया टोपली झाकून रौहियाच्या दारात उभी राहिली. बोळातून आत शिरताना ती मागे वळून बघत होती.

"मावशी, मामंजींना साखर आहे. डॉक्टरचं ऐकत नाहीत. भाकर बंद केली तर ताट भिरकावतात. तुमची भाकर द्या. मी सांगेन, माझ्या माहेराहून येते."

रौहियानं तिच्याकडे पाहिलं. किनावीच्या घरामुळे तिचा पोरगा परागंदा झाला होता. दार लावून घेतलं असतं तरी कुणी नाव ठेवलं नसतं.

"टाच बघितलीस त्यांची?" तिनं विचारलं.

"भेग आहे. भरत नाही."

रौहियानं टोपली भरली. बदरियानं तिचे हात धरले. "मावशी, त्यांना कळलं की शत्रूच्या घरची भाकर खाऊ घातली, तर मला माहेरी पाठवतील. तुमच्या तोंडून शब्द जाऊ देऊ नका." रौहियानं मौगूदची शपथ घेतली. पुढे किनावी कॉफीच्या दुकानात छाती ठोकून सांगायचा, "डॉक्टर म्हणे भाकर सोड! मी सुनेच्या माहेरची भाकर रोज हाणतो, आणि साखर खाली! आमचं रक्तच तसं आहे!" रौहियाच्या कानावर यायचं, आणि ती ओढणीआड हसायची.

वर्षभरानं शेख तौफीकनं समेटाचं जमवलं. शेख म्हातारा, डोळ्यांनी अधू, पण त्याचा शब्द दोन्ही घरं मानायची. कालव्याकाठी मांडव पडला. दोन्ही बाजूचे पुरुष समोरासमोर बसणार, शेख एक भाकर मोडणार, अर्धी खलाफला, अर्धी किनावीला, वर मीठ. ते पोटात गेलं की वैर संपलं, मुंतसिरला घर मोकळं. भाकऱ्या कुणी करायच्या, यावर मात्र दोन्ही घरांचं लगेच एकमत झालं. रौहियानंच.

तिनं मांडवासाठी गव्हाच्याच भाकऱ्या केल्या. पण खलाफच्या टाचेला नुकतीच जखम झाली होती, आणि मौगूदचं सगळं टाचेपासूनच सुरू झालं होतं. समेटाच्या जेवणात समोरचा माणूस 'नाही खाल्लंस तर माझ्या बायकोला तलाक' अशी शपथ घालून ताटात भाकऱ्या वाढतो. नाही म्हणायची सोय नसते. म्हणून तिनं खलाफच्या ताटासाठी आपल्या भाकऱ्या केल्या आणि वहिनीला बजावलं, "दादापुढे याच ठेवायच्या." जीव ओतून केल्या होत्या. चूक झाली ती इथेच. मांडवात सगळ्यांत देखणे कान त्याच भाकरीला होते.

शेख तौफीकनं हात पुढे केला, बोटांनी कान चाचपले आणि नेमकी तीच उचलली.

गव्हाची भाकर मोडताना ताणते, तंतू निघतात. ही कट्दिशी मोडली, आणि आतून पिवळसर. शेखला दिसलं नाही. त्यानं अर्धी इकडे, अर्धी तिकडे दिली. पण किनावीच्या शेजारी त्याचा चुलतभाऊ बखीत बसला होता. वैरामुळे खलाफचं पाणी अडलं होतं, ते बखीतच्या शेतात जात होतं, त्याला समेट कशाला हवा असेल? त्यानं किनावीच्या भाकरीचा एक तुकडा तोडून नाकाशी धरला आणि ताडकन उभा राहिला.

"थांबा! ही ऐश नाही! तिरमिस आहे, तिरमिस! खारे दाणे चारून समेट करतात हे! ज्यात ऐशच नाही त्या ऐश-मिठाला बांधलेलं कोण राहणार? ठरवून केलंय यांनी!"

मांडव उठला. काठ्या बाहेर ठेवल्या होत्या, लोक तिकडे बघायला लागले. मांडवाच्या तोंडाशी मुंतसिर उभा होता, सकाळच्या गाडीनं आलेला, पिशवी पायाशी. भाकर पोटात जाईपर्यंत त्यानं बसायचं नाही, असं ठरलं होतं. तो बसलाच नाही.

"रौहियाला बोलवा," शेख म्हणाला.

ती बायकांच्या पडद्यामागून आली आणि पुरुषांच्या मांडवात उभी राहिली. पडद्याच्या फटीतून बदरिया दिसत होती, तोंडावर हात घट्ट दाबलेला.

"रौहिया, खरं सांग. यात गहू आहे?"

"नाही, शेखसाहेब. चूक माझी. दादाच्या टाचेला जखम आहे, म्हणून त्याच्यासाठी वेगळी केली. त्याला यातलं काही ठाऊक नाही."

खलाफचा चेहरा पांढरा पडला. भर मांडवात बहिणीनं त्याचा आजार सांगितला होता. 

"मग ही ऐश नव्हे," बखीत ओरडला. "विषय संपला!"

"ऐश म्हणजे काय रे बखीत?" रौहिया वळली. तिचा आवाज चढला. "ज्यावर माणूस जगतो ती ऐश. माझा माणूस गव्हाची खाऊन मेला. तिला तू ऐश म्हण. मी नाही म्हणणार!"

"बायका शब्दांशी खेळतात, शेखसाहेब. आम्ही उठतो."

रौहियाच्या ओठांवर होतं सगळं. एक वाक्य बोलायचं, की हा किनावी वर्षभर हेच खातोय, आणि बखीतचं तोंड बंद. मुंतसिर समोर उभा होता. वाळला होता, गालफडं बसली होती. एक वाक्य, आणि पोरगा घरी. आणि पडद्याआड ती पोर. रौहियानं डोळे मिटले, उघडले, आणि किनावीसमोर जाऊन उभी राहिली.

"हाजी, तुमच्या हातात अर्धी भाकर आहे. मी काही सांगत नाही, कुणाचं ऐकू नका. एक घास चावा आणि तुम्हीच सांगा. तुम्ही म्हणालात ऐश नाही, तर आज घरी जाऊन माझी भट्टी मी माझ्या हातानं फोडते. परत भाकर करणार नाही."

किनावीनं तिच्याकडे रागानं पाहिलं. मग सगळे बघतायत म्हणून घास तोडला आणि तोंडात टाकला. चावला. गालफड थांबलं. परत चावला, सावकाश. मग त्याची नजर रौहियावरून पडद्याकडे गेली आणि तिथे बराच वेळ राहिली. पडदा हलत होता.

"बखीत," तो म्हणाला, "ही ऐश नाही म्हणतोस?"

"नाहीच, हाजी!"

"मग मी गेलं वर्षभर उपाशी आहे का रे?"

कुणाला काही कळेना. किनावीनं उरलेला तुकडा उंच धरला.

"ही माझ्या घरची भाकर आहे. माझी सून मला रोज ही वाढते, आणि तिच्यामुळे मी आज माझ्या पायांवर उभा आहे. खलाफ, माझ्या घरची भाकर तुझ्या हातात आहे आणि तू बघत काय बसलास? मीठ लाव. खा!"

खलाफनं खाल्ली. खाताना त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि तो ते पुसत नव्हता. कॉफीच्या दुकानातलं 'आमचं रक्तच तसं आहे' आठवून मागे कुणीतरी फिसकन हसलं, मग दुसरं, मग किनावी स्वतःच गदगदून हसायला लागला. बखीत मांडवातून कधी निघून गेला ते कुणी पाहिलं नाही. रौहियानं टोपलीवाल्या एकाही माणसाचं नाव घेतलं नव्हतं.

ती मांडवामागे जाऊन मातीत बसली. मुंतसिर आला, तिच्यासमोर उकिडवा बसला आणि भाकरीचा तुकडा चावत म्हणाला, "आत्या, वीट तशीच आहे गं." तिनं त्याला एक धपाटा घातला आणि मग छातीशी असं धरलं की त्याला श्वास घेता येईना.

दुसऱ्या दिवशी सकाळी बोळात बदरिया आली. टोपली डोक्यावर, आणि टोपली उघडी. मागून येणाऱ्या बायका बघतच राहिल्या.

"फडकं कुठंय गं?" रौहियानं विचारलं.

"मामंजींनी काढून घेतलं. म्हणाले, भाकर काय चोरीची आहे?" बदरिया हसली, मग जरा अडखळली. "आणि म्हणाले, रौहियाला सांग, ऐश चांगली असते तिची, पण मीठ कमी पडतं."

 रौहियानं पातेलं पुढे ओढलं आणि कणकेत चिमूटभर मीठ जास्त घातलं.